दोन वर्षांत कालबाह्य : गोंदियाचे रूळ आणि अंगणवाडीचा फोन

#थ्रेड #इतिहास #गोंदिया

ऑगस्ट २०२१. महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी एक विलक्षण आंदोलन केले. मोर्चे, धरणे, थाळीनाद हे प्रकार या राज्याला नवे नाहीत. या वेळी मात्र सेविका शासनाने दिलेली वस्तू शासनालाच परत करायला निघाल्या होत्या. ती वस्तू म्हणजे मोबाइल फोन. तो त्यांच्या हाती आला होता २०१९ मध्ये, म्हणजे जेमतेम दोन वर्षांपूर्वी.

यांतले सगळेच फोन मोडलेले नव्हते. कित्येक फोन चालू होत, वाजत, त्यांवरून बोलता येई. अडचण अशी होती, की ज्या कामासाठी ते दिले होते ते काम त्यांच्याकडून होत नव्हते. मार्च २०२१ मध्ये आलेले ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे ॲप त्यांवर धड उतरत नसे. उतरलेच तर फोन तापे, अडकून बसे, भरलेली माहिती वर जात नसे. २ जीबी रॅमचा फोन दोन वर्षांत कालबाह्य झाला होता.

दोन वर्षांत एखादी वस्तू ‘जुनी’ कशी होते? ती न झिजता, न मोडता निरुपयोगी कोण ठरवते? आणि त्या निर्णयाची किंमत कोण मोजते? हे प्रश्न तंत्रज्ञानाचे वाटतात, पण ते इतिहासाचेही आहेत. ते समजून घ्यायला महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचा गोंदिया जिल्हा फार सोयीचा आहे, कारण या गावाने असाच प्रकार लोखंडी रुळांवर एकदा नव्हे, दोनदा पाहिला आहे.

आधी रुळांची गोष्ट.

आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. गोंदिया शहराचे महत्त्व मात्र त्याहून जुने आणि ते बहुतांशी रेल्वेने घडवलेले. १८८० च्या दशकाच्या आरंभी नागपूरहून राजनांदगावकडे ‘नागपूर–छत्तीसगढ रेल्वे’ टाकण्यात आली. छत्तीसगढचे धान्य बाहेर काढणे आणि दुष्काळात आत नेणे, हे तिचे काम. १८८२ मध्ये राजनांदगावपर्यंत पोहोचलेली ही सुमारे १५० मैलांची लाइन मीटरगेज होती, म्हणजे दोन रुळांमधले अंतर बरोबर एक मीटर.

या मीटरगेजचे आयुष्य किती? दहा वर्षेही नाही. १८८७ मध्ये बंगाल–नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिला नागपूर थेट बंगालच्या कोळसापट्ट्याशी जोडायचे होते आणि त्यासाठी ब्रॉडगेज, म्हणजे साडेपाच फुटांचे अंतर, आवश्यक होते. कंपनीने जुनी लाइन ताब्यात घेऊन तिचे गेज बदलले. १ फेब्रुवारी १८९१ रोजी नागपूर ते आसनसोल हा मार्ग मालवाहतुकीस खुला झाला. मीटरगेजची इंजिने आणि डबे त्या मार्गावर निरुपयोगी ठरले. त्यांची वाफ संपली नव्हती, चाके झिजली नव्हती. खालचा रूळ तेवढा बदलला होता.

यानंतर गंमत अशी, की त्याच कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरकडे जी लाइन काढली ती नॅरोगेज, अवघ्या अडीच फुटांची. सातपुड्याच्या चढउतारांवर कमी खर्चात रूळ टाकायचे तर तेच परवडणारे होते. त्यामुळे गोंदिया हे दोन गेजच्या सांध्यावरचे जंक्शन झाले. बालाघाटकडून नॅरोगेजने येणारा माल पुढे न्यायचा तर एका गेजच्या डब्यातून उतरवून दुसऱ्या गेजच्या डब्यात चढवावा लागे. हे काम हमालांच्या पाठीवर होई. दोन व्यवस्था एकमेकींशी जुळत नाहीत तेव्हा मधली दरी कुणाच्या तरी श्रमाने भरावी लागते, हे गोंदियाच्या फलाटावर रोज दिसत होते. ती नॅरोगेज शंभर वर्षांहून अधिक काळ चालली. एकविसाव्या शतकात टप्प्याटप्प्याने तिचे ब्रॉडगेज झाले आणि गोंदिया–जबलपूर मार्ग आता पूर्णपणे मोठ्या गाडीचा आहे.

आता पुन्हा फोनकडे. मोबाइलमधले ॲप हे स्वतंत्र यंत्र नाही. ते रुळांवरची गाडी आहे. रूळ म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, भारतात बहुतेकांच्या बाबतीत अँड्रॉइड. कॅमेरा उघडायचा, फोटो साठवायचा, फोन कुठे आहे ते विचारायचे, पडद्यावर अक्षर उमटवायचे, यांतले काहीही ॲप स्वतः करत नाही. ते ऑपरेटिंग सिस्टीमला ठरलेल्या शब्दांत विनंती करते आणि सिस्टीम ते काम करून देते. हे ठरलेले शब्द म्हणजेच गेज. नव्या आवृत्तीत काही विनंत्यांचे शब्द बदलतात, काही रद्द होतात, काहींना नव्या अटी लागतात. जुने ॲप जुन्या शब्दांत विचारत राहते आणि त्याला उत्तर मिळत नाही.

हे तुटणे दोन्ही दिशांनी होते आणि या दोन दिशांची फार वेळा गल्लत केली जाते. एक : फोन नवा, ॲप जुने. सिस्टीम पुढे गेली, ॲप लिहिणारा थांबला. ॲप उघडताच बंद पडते. दुसरी : ॲप नवे, फोन जुना. ॲप लिहिणाऱ्याने ठरवले, की अमुक आवृत्तीच्या खाली आपण पाहणार नाही. मग जुन्या फोनवर ते उतरतच नाही किंवा उतरून गुदमरते. पहिल्यात नवा रूळ जुन्या गाडीला नाकारतो, दुसऱ्यात नवी गाडी जुन्या रुळाला. अंगणवाडीच्या फोनचे दुखणे दुसऱ्या जातीचे होते, पण त्याची मुळे पहिल्यात आहेत.

पहिल्या जातीची काही ठळक उदाहरणे. ॲपलने सप्टेंबर २०१७ मध्ये आयओएस ११ आणले आणि ३२-बिट पद्धतीची सारी जुनी ॲप एका रात्रीत बंद झाली. ज्यांचे निर्माते ती नव्याने बांधायला तयार नव्हते, ती कायमची गेली. त्यात असंख्य खेळ होते, छोट्या शब्दकोशांसारखी ॲपही होती. अँड्रॉइडने हे हळूहळू केले. २०१५ च्या ६.० आवृत्तीत परवानग्या मागण्याची रीत बदलली. २०१७ च्या ८.० मध्ये पडद्याआड चालणाऱ्या कामांवर लगाम आला. २०१९ आणि २०२० च्या आवृत्त्यांत (१० आणि ११) फोनच्या साठवणुकीत कुठेही फाइल लिहिण्याची मुभा आवळली गेली. २०२३ च्या अँड्रॉइड १४ ने तर ६.० पूर्वीच्या नियमांना धरून बांधलेली ॲप नव्याने बसवायलाच सामान्यतः मनाई केली.

यातला प्रत्येक बदल स्वतंत्रपणे पाहिला तर समर्थनीय आहे, हेही मान्य केले पाहिजे. जुन्या मुक्त पद्धतीत कुठलेही ॲप कुणाचेही फोटो वाचू शकत होते, ६.० पूर्वीच्या नियमांची पळवाट बदमाश ॲप मुद्दाम वापरत. ‘कंपन्या नवे फोन खपवण्यासाठी जुने मारतात’ हे वाक्य समाजमाध्यमांवर फार चालते. त्यात तथ्य नाही असे नाही, पण ते अपुरे आहे. गेज बदलण्यामागे बंगाल–नागपूर रेल्वेकडेही सबळ कारण होतेच.

दुसऱ्या जातीचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे व्हॉट्सॲप. नोकियाच्या एस४० फोनांवर ते ३१ डिसेंबर २०१८ नंतर बंद झाले. १ फेब्रुवारी २०२० पासून अँड्रॉइड २.३.७ आणि आयओएस ८, तसेच त्यांहून जुन्या आवृत्त्यांवर ते थांबले. नोव्हेंबर २०२१ मध्ये अँड्रॉइड ४.१ च्या खालचे फोन वगळले गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही मर्यादा ५.० वर गेली. दर वेळी बातमी एकाच साच्यातली असे : ‘या फोनवर आजपासून व्हॉट्सॲप बंद, तुमचा फोन यादीत आहे का पाहा.’ शहरातला वाचक ती पाहून पुढे सरकत असे. ज्याच्या घरी थोरल्याचा जुना फोन धाकट्याकडे आणि धाकट्याचा आजीकडे जातो, त्या घरात ती बातमी तीन वर्षे उशिरा पोहोचते. बातमी म्हणून नव्हे, बंद पडलेला फोन म्हणून.

इथे एक उलटी बाजूही नोंदवणे आवश्यक आहे, कारण मराठी वाचकाच्या दृष्टीने ती फार मोठी आहे. ऑपरेटिंग सिस्टीमच्या अद्यतनांनी मराठीकडून हिरावून घेतले त्याहून तिला दिले कदाचित अधिक. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत देवनागरी धड दिसतच नसे. मराठी संदेशाच्या जागी चौकोन येत, किंवा वेलांट्या अक्षरापासून सुटून भलतीकडे पडत. २०११ च्या ४.० आवृत्तीपासून परिस्थिती सुधारू लागली आणि २०१४ च्या ५.० मध्ये फोनची संपूर्ण भाषाच मराठी करण्याची सोय आली. जुन्या आवृत्तीला चिकटून राहणे म्हणजे त्या काळात मराठीशिवाय राहणे होते.

संगणकावरची कथा याला समांतर आहे. नव्वदच्या दशकातले मराठी टंकलेखन प्रत्येक कंपनीच्या स्वतःच्या फाँटवर चाले. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. तो फाँट नसलेल्या संगणकावर मजकूर उघडला, की निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग दिसे. युनिकोडने १९९१ मध्येच देवनागरीला जागा दिली होती आणि विंडोज २००० पासून ती प्रत्यक्ष वापरता येऊ लागली. पण मधल्या काळात तयार झालेला मजकूर, म्हणजे स्मरणिका, ग्रामपंचायतींची पत्रे, छोट्या वृत्तपत्रांची पाने, विद्यापीठीय प्रबंध, जुन्या फाँटमध्येच राहिला. ज्यांनी तो वेळीच रूपांतरित केला त्यांचा वाचला. १९३० च्या मोडी दफ्तरापेक्षा १९९८ ची फ्लॉपी वाचणे अधिक अवघड व्हावे, ही कुठल्याही इतिहासाच्या विद्यार्थ्याला अस्वस्थ करणारी बाब आहे. मोडी शिकता येते.

ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवून अंगणवाडीकडे वळू.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. पुढे ती देशभर पसरली. तिचा कणा म्हणजे अंगणवाडी सेविका, आणि सेविकेच्या कामाचा कणा म्हणजे रजिस्टरे. कुटुंब सर्वेक्षण, पूरक आहाराचे वाटप, पूर्वप्राथमिक शिक्षण, गरोदर माता, लसीकरण, जीवनसत्त्व अ, गृहभेटी, बालकांची वजने अशी एकूण ११ रजिस्टरे तिला ठेवावी लागत. ‘सेविका मुलांकडे कमी आणि वह्यांकडे जास्त पाहते’ ही टीका अगदी जुनी आहे आणि ती सेविकांवरची नसून व्यवस्थेवरची आहे.

८ मार्च २०१८ रोजी पोषण अभियानाची सुरुवात झाली आणि वह्यांच्या या ओझ्यावर फोनचा उपाय आला. ‘कॉमन ॲप्लिकेशन सॉफ्टवेअर’, सेविकांच्या बोलीत नुसते ‘कॅस’. हे ‘कॉमकेअर’ या तयार व्यासपीठावर बांधले होते आणि त्याला गेट्स फाउंडेशनचे तांत्रिक साहाय्य होते. ११ पैकी १० रजिस्टरांचे काम त्यात व्हायचे होते. बाळाचे वजन भरले, की वाढीचा आलेख आपोआप निघे. घरभेटीची वेळ झाली, की फोन आठवण करून देई. उणिवा असतीलही, पण कल्पना चांगली होती. महाराष्ट्रात २०१९ मध्ये जे फोन वाटले गेले ते या कॅससाठी. त्यांची २ जीबी रॅम त्या कामाला पुरेशी मानली गेली होती.

२०२० मध्ये कॅस थांबले. १ मार्च २०२१ पासून केंद्र सरकारने नॅशनल ई-गव्हर्नन्स डिव्हिजनच्या माध्यमातून ‘पोषण ट्रॅकर’ आणले. लाभार्थ्यांची नोंदणी सेविकांना नव्याने करावी लागली. शिवाय आरंभी माहिती भरण्याची भाषा मुख्यतः इंग्रजी. दहावी मराठी माध्यमातून झालेल्या, वीस वर्षे वजने घेणाऱ्या आणि कुठले मूल कुठल्या महिन्यात खालावते हे तोंडपाठ असणाऱ्या बाईंसमोर इंग्रजी रकाने आले. आणि फोन तोच, कॅससाठी घेतलेला.

म्हणजे इथे रूळ, गाडी आणि गाडी चालवणारी, या तिघांचे मालक वेगवेगळे होते. रूळ अमेरिकेतली एक कंपनी टाकते आणि दर वर्षी बदलते. गाडी दिल्लीत बांधली जाते, आणि बांधणाऱ्यांना त्या बदलांच्या मागे धावावेच लागते. २०१८ पासून गूगलने आपल्या प्ले स्टोअरवर ॲप ठेवायचे असेल तर ते अलीकडच्या अँड्रॉइडच्या नियमांनुसारच बांधले पाहिजे, अशी सक्ती केली आहे. एखादे ॲप ‘आहे तसे राहू द्या’ म्हणून सोडून देता येत नाही. फोन मुंबईत खरेदी होतो, एकदाच, निविदेने. आणि हे सारे ज्या हातात एकत्र येते तो हात सालेकशातल्या किंवा अर्जुनी मोरगावातल्या सेविकेचा असतो. यांतल्या कोणत्याही निर्णयात तिला कुणी विचारलेले नसते.

किंमतही तिथेच उतरली. २०२१ मध्ये फोनांची वॉरंटी संपलेली होती. दुरुस्तीचा खर्च काही हजारांत जाई आणि तो सेविकांनाच सोसावा लागतो, ही आंदोलनातली मुख्य तक्रार होती. तेव्हा सेविकेचे मानधन दरमहा सव्वाआठ हजार रुपयांच्या आसपास. वेतन नव्हे, मानधन. कारण कागदोपत्री ती कर्मचारी नाही, मानसेवी कार्यकर्ती आहे. अनेकींनी घरच्या फोनवर, मुलाच्या किंवा नवऱ्याच्या, ॲप घेतले आणि काम चालवले. फोन आणि ॲप यांमधली दरी पुन्हा एकदा पाठीवर वाहून भरली गेली. फरक एवढाच, की गोंदियाच्या फलाटावरच्या हमालाला त्या कामाची मजुरी मिळत असे.

१८८० च्या दशकातला हिशेबही डोळसपणे पाहू. बंगाल–नागपूर रेल्वेने गेज बदलले त्याचा खर्च कंपनीच्या भांडवलातून झाला. या कंपन्यांना सरकारने नफ्याची हमी दिलेली असे, त्यामुळे अखेरचा भार भारतीय करदात्यावरच पडला. वसाहती रेल्वेचे गोडवे गाण्याचे काहीच कारण नाही. तरीही एक गोष्ट त्या कंपनीनेसुद्धा केली नाही : नवे गेज आले म्हणून गार्डाला आणि ड्रायव्हरला ‘चाके तुमची तुम्ही विकत आणा’ असे सांगितले नाही.

गोंदियाच्या भूगोलाने हा प्रश्न आणखी कठीण केला. जिल्ह्यात आठ तालुके. त्यांपैकी देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी या तालुक्यांचा मोठा भाग जंगलाचा. एका बाजूला मध्य प्रदेश, दुसऱ्या बाजूला छत्तीसगढ. नागझिरा आणि नवेगावचे जंगल याच जिल्ह्यात. गोंडी, पोवारी, छत्तीसगढी, हिंदी आणि झाडीबोली अशा भाषा एकेका गावात शेजारी नांदतात. रेंज नसेल तिथे ॲपला माहिती फोनमध्येच साठवून पुढे पाठवावी लागते आणि नेमक्या अशाच कामाला फोनची साठवण व रॅम लागते. ज्या गावाला बळकट फोनची गरज सर्वाधिक, तिथे अशक्त फोन सर्वांत आधी हार मानतो.

याच ऑगस्ट २०२१ मध्ये, १५ तारखेला, महाराष्ट्रात ‘ई-पीक पाहणी’ हे ॲप राज्यभर सुरू झाले. तोवर पिकाची नोंद तलाठी करत असे. आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आणि तो ॲपवरून चढवायचा. नोंद सातबाऱ्यावर येणार. गोंदिया हा धानाचा जिल्हा. सरकारी केंद्रावर हमीभावाने धान द्यायचे तर सातबाऱ्यावर धानाची नोंद हवी, आणि धानाचा बोनसही त्या साखळीला बांधलेला. २०२२–२३ च्या हंगामासाठी राज्याने हेक्टरी १५ हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, जाहीर केले होते. ३० हजार रुपयांचा प्रश्न आपल्या फोनवर अमुक ॲप उतरते की नाही याला येऊन टेकला.

आणि हे ॲपही स्थिर राहिले नाही. १ ऑगस्ट २०२२ पासून त्याची दुसरी आवृत्ती आली. जुने काढून टाका, नवे घ्या, असे सांगितले गेले. पुढेही नवे रूप येत राहिले. सुधारणा चांगल्या होत्या, पण हंगामाच्या तोंडावर, रोवणीच्या चिखलात, ‘आवृत्ती अद्ययावत करा’ हा संदेश पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या हातातला फोन पाच वर्षांचा असू शकतो, हे त्या संदेशाला माहीत नसते. तेव्हा गावातला एखादा कॉलेजचा पोरगा दहा शेतकऱ्यांची पाहणी आपल्या फोनवरून करून देतो. गावाने शोधलेला हा तोडगा खरे तर जुन्या तलाठ्याचेच नवे, बिनपगारी रूप आहे.

अंगणवाडीच्या फोनचा प्रश्न ‘मोबाइल वापसी’ने सुटला नाही, पण तो दृश्य झाला. ॲपमध्ये मराठी आली. २० फेब्रुवारी २०२३ पासून सेविका-मदतनिसांनी बेमुदत संप पुकारला, तेव्हा मानधनवाढीच्या शेजारी नवा, चांगल्या क्षमतेचा मोबाइल ही मागणी ठळकपणे उभी होती. त्या संपानंतर मानधन दहा हजारांवर गेले आणि नव्या फोनांचे आश्वासन मिळाले. एखाद्या कामगार संपाच्या मागणीपत्रात रॅमचा उल्लेख येणे, ही विसाव्या शतकातील कोणत्याही गिरणी संपाला न सुचलेली गोष्ट आहे.

गेज मात्र पुन्हा सरकले. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या पोषण आहारासाठी पोषण ट्रॅकरमध्ये लाभार्थ्याचा चेहरा जुळवून पाहणे सक्तीचे झाले. चेहरा ओळखायचा तर चांगला कॅमेरा, अधिक रॅम आणि त्या क्षणी नेटवर्क लागते. २०१९ चा फोन वजने नोंदवण्यासाठी घेतला होता. आता फोनने आईचा चेहरा ताडून पाहायचा आहे. काम बदलत राहते आणि प्रत्येक नवे काम जुन्या यंत्राला थोडे अधिक कालबाह्य करते. इथे दोष ऑपरेटिंग सिस्टीमचा नाही. ॲप जड होणे हा जितका तांत्रिक अपरिहार्यतेचा भाग आहे, तितकाच तो धोरणाचा निर्णय आहे, आणि त्या निर्णयासोबत फोनचा खर्च मांडला जायला हवा. निविदेत ‘हा फोन पाच वर्षे अद्यतने घेईल’ अशी अट घालणे अशक्य नाही. अलीकडे काही कंपन्या त्याहून अधिक वर्षांची हमी देतात.

शेवटचा मुद्दा अभिलेखांचा, आणि तो या थ्रेडच्या वाचकांच्या अधिक जिव्हाळ्याचा असावा.

नागपूरच्या मोतीबागेत नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. ते डिसेंबर २००२ मध्ये सुरू झाले. अडीच फुटी रुळांवर धावलेली इंजिने आणि डबे तिथे जाऊन पाहता येतात. रूळ गेला, गाडी राहिली. बंद पडलेल्या ॲपचे तसे होत नाही. एखाद्याने कॅसची मूळ फाइल जपून ठेवली आणि जुन्या फोनवर चालवूनही पाहिली, तरी ज्या सर्व्हरशी ती बोलत असे तो उत्तर देणार नाही. दिसेल एक रिकामा पडदा आणि पासवर्डचा रकाना.

महाराष्ट्रातील कुपोषणाचा इतिहास उद्या कुणी लिहायला घेतला तर १९८० च्या दशकातल्या वजनांसाठी त्याला वह्या चाळाव्या लागतील. त्या वाळवीने खाल्लेल्या असतील, ओलाव्याने फुगलेल्या असतील, पण हाती आल्या तर वाचता येतील. २०१९ ते २०२१ या काळासाठी, म्हणजे एक ॲप येऊन गेले, करोना आला आणि दुसरे ॲप सुरू झाले त्या काळासाठी, त्याला जिल्हानिहाय आकडे मिळतील. पण एका गावातल्या एका मुलाचे वजन महिन्यामागून महिना कसे चढले किंवा उतरले, हे पाहायचे असेल तर सेविकेने वरून बंद करायला सांगितल्यानंतरही कागदी रजिस्टर लिहिणे चालू ठेवले होते का, हे विचारावे लागेल. दुहेरी कामाबद्दल कुरकुरत का होईना, बऱ्याच जणींनी ते चालू ठेवले होते.